प्रज्ञाचक्षू आणि चेहऱ्यावरची हवा

महाभारतात धृतराष्ट्राला वारंवार ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले आहे. प्रज्ञा हेच ज्याचे डोळे तो प्रज्ञाचक्षू. पुढे हा शब्द आपल्या भाषांमध्ये अंध विद्वानाचे रूढ बिरुद झाला. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) आणि गुजरातमधील जैन दर्शनाचे गाढे अभ्यासक पंडित सुखलालजी संघवी (१८८०–१९७८) यांच्या नावामागे तो आजही आदराने लावला जातो. परंतु ज्या राजासाठी महाकाव्याने हा शब्द योजला, त्या राजाशी ते महाकाव्य प्रत्यक्षात कसे वागते हे पाहण्याजोगे आहे. स्त्रीपर्वात, युद्ध संपल्यावर, धृतराष्ट्र भीमाला आलिंगन देऊ इच्छितो. त्याच्या मनातला संताप ओळखून कृष्ण भीमाला बाजूला सारतो आणि लोखंडाचा पुतळा पुढे करतो. राजा तो पुतळा छातीशी धरून चिरडून टाकतो, आणि आपण भीमालाच मारले या समजुतीने शोक करू लागतो. जन्मापासून ज्याने माणसे केवळ आवाजाने, वासाने आणि स्पर्शाने ओळखली, त्याला जिवंत अंग आणि थंड लोखंड यांतला भेद कळत नाही! क्रोधाने त्याचे भान हरपले होते, हा खुलासा कथेच्या दृष्टीने पुरेसा आहे. अंधत्वाच्या इतिहासाच्या दृष्टीने तो पुरेसा नाही. डोळस माणूस क्रोधाने आंधळा होतो हे आपण समजू शकतो. पण आंधळ्या माणसाची त्वचाही क्रोधाने आंधळी होते असे मानताना कवीला काही खटकले नाही, आणि शतकानुशतकांच्या श्रोत्यांनाही खटकले नाही. प्रज्ञेचा डोळा बहाल करताना संहितेने राजाची त्वचा काढून घेतली आहे.

अंध व्यक्तीला सामान्य दृष्टीच्या पलीकडचे काही जाणवते, ही कल्पना साहित्याने फार पूर्वीपासून जोपासली. ग्रीकांचा टायरेसियस भविष्य जाणतो आणि अंध असतो. ‘ओडिसी’तील डेमोडोकस या गायकाला काव्यदेवतेने गाणे दिले आणि डोळे नेले. आपल्याकडे कवीला क्रांतदर्शी म्हणतात, ऋषीला द्रष्टा आणि तत्त्वज्ञानाला दर्शन. ज्ञानाची ही सारी शब्दसंपदा डोळ्यावर उभी असल्यामुळे डोळे नसलेल्याच्या ज्ञानाला नाव देण्याची वेळ येते तेव्हा आपल्याजवळ एकच उपाय उरतो: त्याला दुसरा, आतला डोळा द्यायचा. न्यायदर्शनाने ‘प्रत्यक्ष’ या शब्दात सर्व इंद्रियांचा समावेश केला असला, तरी बोलीत प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांपुढचे. खऱ्याखोट्यात चार बोटांचे अंतर असे आपण म्हणतो. ते अंतर डोळा आणि कान यांच्यातले: पाहिले ते खरे, ऐकले ते खोटे. ही म्हण पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

अंध व्यक्तीच्या या ‘पलीकडच्या’ जाणिवेचे पुढे काय झाले, तिचा शोध कोणी कसा घेतला आणि त्यातून साहित्यसमीक्षेने काय घ्यावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. प्रतिपादन थोडक्यात असे: डोळसांनी जे रूपक म्हणून ऐकले ते अंध व्यक्तींच्या तोंडी बहुधा साधे निवेदन होते. तथापि ते निवेदन अक्षरशः घेऊनही सत्य हाती लागले नाही. ते हाती लागले ते अंध व्यक्ती स्वतः संशोधक झाल्यावर.

युरोपात या प्रश्नाची आधुनिक मांडणी एका पत्राने सुरू झाली. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने १६८८ साली जॉन लॉकला विचारले: जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल यांतला फरक कळतो, त्याला अचानक दृष्टी आली तर तो हात न लावता, नुसते पाहून, कोणता घन आणि कोणता गोल हे सांगू शकेल काय? मॉलिन्यूची पत्नी विवाहानंतर लवकरच अंध झाली होती, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या इतिहासात सहसा तळटिपेत जाते. लॉकने १६९४ च्या आवृत्तीत हा प्रश्न छापला आणि उत्तर ‘नाही’ असे दिले. बर्कलीनेही १७०९ मध्ये तेच म्हटले. १७२८ साली विल्यम चेसेल्डन या शल्यवैद्याने मोतीबिंदू काढलेल्या तेराचौदा वर्षांच्या मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पाहिलेली प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांना टेकली आहे, असे त्या मुलाला प्रथम वाटले होते. (२०११ साली ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात दिल्ली येथे शस्त्रक्रिया झालेल्या पाच मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तात्काळ उत्तर लॉकच्याच बाजूने गेले, पण काही दिवसांतच मुले स्पर्श आणि दृष्टी यांची सांगड घालू लागली.) हा सगळा वाद महत्त्वाचा खरा, मात्र त्यात अंध व्यक्ती केवळ एक उणीव म्हणून हजर आहे. तिच्यापाशी काय नाही आणि ते दिल्यावर काय होईल, एवढेच विचारले जाते. डोळे येईपर्यंत तिने काही बोलायचे नाही, अशी जणू अट आहे.

ही अट दनी दिदरोने मोडली. १७४९ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अंधांविषयीच्या पत्राच्या शीर्षकातच खोच आहे: हे पत्र डोळसांच्या उपयोगासाठी आहे. दिदरो प्युइझो या गावातल्या एका जन्मांध माणसाकडे जातो आणि त्याला प्रश्न विचारतो. हा गृहस्थ रात्री काम करतो, कारण दिवसरात्र त्याला सारखीच. उठावाच्या अक्षरांनी तो आपल्या डोळस मुलाला वाचायला शिकवतो. आरशाची त्याने केलेली व्याख्या दिदरोला थक्क करते: वस्तूला तिच्यापासून दूर, तिच्या बाहेर, उठाव देणारे यंत्र. डोळे मिळाले तर आवडतील का, असे विचारल्यावर तो सांगतो की त्यापेक्षा लांब हात मिळाले तर बरे. चंद्रावर काय चालले आहे ते तुमच्या दुर्बिणींपेक्षा माझ्या हातांनाच अधिक नेमके कळेल.

याच वर्णनात आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचा तपशील आहे. हा माणूस आगीचे अंतर उष्णतेवरून ओळखतो, भांडे कितपत भरले ते ओतणाऱ्या द्रवाच्या आवाजावरून, आणि जवळपास एखादी वस्तू आहे हे चेहऱ्यावर होणाऱ्या हवेच्या परिणामावरून. रस्ता पुढे खुला आहे की बंद, हेही त्याला हवेच्या बारीक फरकांवरून कळते. साहित्याने ज्याला अंतर्दृष्टी म्हटले, त्याची ही बहुधा पहिली अशी नोंद की जिच्यात देव नाही, शाप नाही, वर नाही. आहे तो एक गाव, एक गल्ली आणि एका माणसाचा चेहरा.

पत्राचा दुसरा नायक निकोलस साँडरसन (१६८२–१७३९). वयाच्या पहिल्या वर्षीच देवीच्या रोगाने त्याची दृष्टी गेली. १७११ पासून तो केंब्रिजमध्ये, न्यूटनने भूषविलेल्या आसनावर, गणिताचा प्राध्यापक होता आणि विद्यार्थ्यांना प्रकाशशास्त्र शिकवीत असे. खरी नाणी आणि बनावट नाणी तो बोटांनी निवडून वेगळी करी. धृतराष्ट्राच्या लोखंडी पुतळ्याशेजारी ही नाणी ठेवून पाहावीत. दोन संहितांमधले अंतर मोजायला दुसरे परिमाण लागत नाही.

साँडरसनच्या अध्यापनाविषयी दिदरोचे एक निरीक्षण भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. अंध वक्त्याचे शब्द एका इंद्रियाच्या, समजा स्पर्शाच्या, बाबतीत वाच्यार्थाने खरे असतात आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तेच शब्द रूपक ठरतात. म्हणून ऐकणाऱ्यावर दुहेरी प्रकाश पडतो, पण बोलणाऱ्याला त्यातला एकच ठाऊक असतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर, अभिधा आणि लक्षणा यांची सीमारेषा शब्दात नसून बोलणारा आणि ऐकणारा यांच्या इंद्रियांमधील फरकात आहे. अंधाचे वाक्य डोळसाच्या कानी पडताक्षणी अलंकार बनते. ‘मला भिंत जाणवली’ या वाक्याचे ‘त्याला अदृश्य दिसते’ असे भाषांतर होते, आणि मग त्या भाषांतरावर द्रष्टेपणाची मिथके उभी राहतात. रूपकाची इतकी भौतिक उपपत्ती अठराव्या शतकातल्या एका पत्रात मिळावी, आणि आपण मात्र रूपकावर लिहिताना ॲरिस्टॉटलवरून थेट विसाव्या शतकात उडी घ्यावी, हे काही भूषणावह नाही.

तरीही दिदरोला निखळ श्रेय देता येत नाही. पत्राच्या उत्तरार्धात मृत्युशय्येवरचा साँडरसन एका धर्मोपदेशकाशी वाद घालतो: सृष्टीच्या सौंदर्याचे पुरावे माझ्या कामाचे नाहीत, ईश्वर मानायला हवा असेल तर मला त्याला स्पर्श करता आला पाहिजे. हा प्रवेश आणि त्याचा आधार म्हणून सांगितलेला इंग्रजी ग्रंथ, दोन्ही दिदरोने रचलेले आहेत. २४ जुलै १७४९ रोजी दिदरोला वाँसेनच्या किल्ल्यात कैदेत टाकण्यात आले, त्यामागे इतर लेखनाबरोबर हे पत्रही होते. निरीश्वरवादाचे धाडस दिदरोचे, पण ते बोलण्याचे काम त्याने एका मृत अंध गणितज्ञावर सोपवले. द्रष्ट्याच्या जागी तत्त्वज्ञ आला एवढेच; अंध व्यक्ती अजून दुसऱ्याचीच संहिता म्हणत होती.

चेहऱ्यावरच्या हवेचे पुढे काय झाले? १७९३–९४ मध्ये इटलीत लाझारो स्पालान्झानीने डोळे निकामी केलेली वटवाघळे अडथळे चुकवीत बिनचूक उडतात हे दाखवले. जिनीव्हाच्या ज्युरिनने त्यांचे कान बंद केले तेव्हा ती आपटू लागली. उत्तर जवळजवळ हाती आले होते. पण १७९५ मध्ये क्युव्हिएने आपल्या अधिकारवाणीने पंखांच्या स्पर्शाकडे बोट दाखवले आणि शतकभर तेच मानले गेले. माणसांच्या बाबतीतही तसेच घडले. डब्ल्यू. हँक्स लेव्ही या अंध लेखकाने १८७२ मध्ये स्वतःच्या अनुभवाचे तपशीलवार वर्णन केले: समोरची वस्तू उंच की ठेंगणी, कुंपण विटांचे की जाळीचे, हे मला चेहऱ्याच्या त्वचेने कळते. या शक्तीला त्याने चेहऱ्याचे संवेदन असे नाव दिले. विल्यम जेम्सने १८९० च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात ही साक्ष उद्धृत केली. लेव्हीच्या लेखनात गूढ काही नाही. दिदरोच्या गृहस्थाने जे सांगितले तेच तो स्वतःच्या लेखणीने सांगतो. चेहरा हे जणू एक इंद्रिय आहे.

या साक्षीचा सर्वांत चमत्कारिक वारस साहित्यिक होता. १९२० साली लुई फारिगूल या नावाने फ्रान्समध्ये एक ग्रंथ निघाला. डोळ्यातील पडद्याच्या मदतीशिवाय, त्वचेतील सूक्ष्म इंद्रियांनी पाहता येते, असा त्याचा दावा होता. फारिगूल हे कादंबरीकार झ्यूल रोमाँ यांचे खरे नाव. व्यक्तींच्या पलीकडे समूहाचे एक मन असते, असे मानणाऱ्या काव्यपंथाचे ते प्रवर्तक होते. त्वचेने पाहण्याची कल्पना त्या श्रद्धेशी सुसंगत होती. विज्ञानाने तिची दखल फारशी गांभीर्याने घेतली नाही. निरोगी माणसांना आपण आजारी आहोत असे पटवून देणाऱ्या डॉक्टरचे ‘नॉक’ हे अजरामर प्रहसन याच लेखकाने तीन वर्षांनी लिहावे, हा योगायोग मला मोठा मार्मिक वाटतो.

निर्णायक प्रयोग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात कार्ल डालनबाख यांच्या प्रयोगशाळेत झाले. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचे पहिले नाव मायकेल सुपा यांचे आहे. सुपा स्वतः अंध होते, विद्यार्थी होते आणि प्रयोगातील एक व्यक्तीही होते. दोन अंध आणि डोळे बांधलेले दोन डोळस अशा चौघांनी भिंतीकडे चालत जायचे. भिंत जाणवली की सांगायचे, आणि अगदी जवळ पोचल्यावर थांबायचे. अंधांना ते सहज जमले. डोळस सरावाने शिकले. मग जोडे काढून, मोजे घालून, गालिच्यावर चालायला लावले. काम अवघड झाले, पण थांबले नाही. त्यानंतर डोके व चेहरा जाड नमद्याच्या बुरख्याने झाकला आणि हातांत मोजे चढवले. लेव्हीची साक्ष अक्षरशः खरी असती, तर आता जाणीव बंद पडायला हवी होती. ती चालू राहिली. शेवटी चेहरा उघडा ठेवून कान बंद केले, आणि चौघेही भिंतीवर आपटू लागले.

याही पुढची पायरी होती. व्यक्तीला ध्वनिरोधक खोलीत बसवले. दुसरीकडे प्रयोगकर्ता हातात ध्वनिग्राहक घेऊन भिंतीकडे चालू लागला, आणि त्याच्या पावलांचा आवाज तारेवरून बसलेल्याच्या कानी गेला. ज्याच्या चेहऱ्यासमोर भिंत नव्हती, हवाही हलत नव्हती, त्याने दुसऱ्याच्या पावलांवरून दूरची भिंत ओळखली. १९४७ मध्ये अंध आणि बधिर असलेल्या व्यक्तींमध्ये ही शक्ती आढळत नाही असे दिसले. १९५० च्या प्रयोगांनी उंच पट्टीच्या ध्वनींचे महत्त्व सिद्ध केले. १९४४ मध्येच डोनाल्ड ग्रिफिन यांनी अंध माणसे, वटवाघळे आणि रडार यांना एकत्र आणणारी प्रतिध्वनीवेधाची संज्ञा रूढ केली. चार बोटांच्या अंतराची म्हण इथे उलटी पडते. जे ‘पाहणे’ वाटत होते ते ऐकणे होते. मात्र ऐकणाऱ्यालाच ते ऐकणे म्हणून जाणवत नव्हते. त्याला ते गालावर, कपाळावर, दाबासारखे जाणवत होते.

समीक्षेच्या दृष्टीने खरी अडचण इथेच उभी राहते. मराठीत गेली कित्येक दशके अनुभवाच्या अस्सलतेविषयी वाद चालला आहे. ज्याने भोगले त्यालाच त्याविषयी बोलण्याचा अधिकार, ही भूमिका दलित साहित्याने मोठ्या नैतिक बळाने मांडली. भोगणे म्हणजे जाणणे नव्हे, हे तिचे विरोधक सांगत राहिले. लेव्हीचे उदाहरण दोन्ही पक्षांना अवघड जाते. त्याला भिंत कळत होती, हे निर्विवाद खरे. कशामुळे कळत होती याविषयी मात्र त्याचा स्वतःचा अनुभवच त्याची दिशाभूल करीत होता. अनुभवाचे ज्ञान खरे आणि अनुभवाने केलेला स्वतःचा अर्थ चुकीचा, अशी ही स्थिती आहे. त्यावरून, ‘अंधांना स्वतःविषयी काय कळते’ असे म्हणणाऱ्या डोळस संशयवाद्यांनी विजय मानण्याचे कारण नाही. ज्यांनी अंधांच्या बोलण्याला रूपक मानून बाजूला ठेवले, त्यांना काहीच सापडले नाही. जे सापडले ते साक्ष शब्दशः खरी मानून तिची कसोटी घेणाऱ्यांना. आणि त्या कसोटीला स्वतःचा चेहरा व स्वतःचे कान पुढे करणाऱ्यांत एक अंध संशोधक होता. साँडरसनच्या तोंडी दिदरोने भाषण घातले होते. सुपा यांनी आपल्या निष्कर्षाखाली स्वतःची सही केली.

उत्तरआधुनिक सिद्धान्तन या इतिहासाकडे फिरकलेले नाही. पॉल द मान यांच्या १९७१ च्या ग्रंथाने समीक्षकाचे अंधत्व हीच त्याच्या मर्मदृष्टीची अट ठरवली. १९९० मध्ये झाक देरिदा यांनी लूव्हर संग्रहालयातील अंधांच्या रेखाचित्रांचे प्रदर्शन मांडून चित्रकाराच्या हातातच एक अंधत्व असते असे प्रतिपादन केले. दोन्ही लेखन तेजस्वी आहे. परंतु दोन्हींत अंधत्व ही डोळसांची एक अवस्था आहे. भिंत ओळखणारा माणूस तिथे नाही. प्रज्ञाचक्षू ही पदवी आता सिद्धान्ताला बहाल झाली, एवढाच फरक.

आपल्याकडेही बिरुदाने माणूस झाकला जातो. गुलाबराव महाराजांनी चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरांहून अधिक ग्रंथ रचले. सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीने गेली. त्यानंतर ते काशीला जाऊन संस्कृत शिकले आणि ‘सन्मतितर्क’सारख्या ग्रंथाचे संपादन त्यांनी बेचरदास दोशी यांच्या सहकार्याने केले. पाठ ऐकणे, पाठभेद स्मरणात धरणे, वाचून दाखवणाऱ्याच्या उच्चारातून शंका घेणे, लेखनिकाला पदच्छेद सांगणे: कानांनी केलेल्या पाठचिकित्सेची ही पद्धती कशी घडली, याचा अभ्यास आपल्या ग्रंथसंपादनशास्त्राने केला पाहिजे. मौखिक परंपरेचा एवढा गौरव करणाऱ्या आपल्या समीक्षेने, आधुनिक काळात ऐकून विद्वान झालेल्या माणसाला मात्र डोळ्याचेच विशेषण द्यावे, हे विपरीत आहे. धृतराष्ट्राने अधिक नेमकी भाषा वापरली होती. युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ का, असे व्यासांनी विचारले तेव्हा त्याने ती नाकारली आणि ऐकण्याची इच्छा दर्शवली. दिव्यदृष्टी मिळाली ती संजयाला, म्हणजे ज्याला आधीच दिसत होते त्याला. आणि भीष्मपर्वापासूनचे युद्धवर्णन एका अंध श्रोत्याच्या प्रश्नांनी पुढे सरकते.

दिदरोने १७८२ मध्ये, पत्रानंतर तेहतीस वर्षांनी, त्याला काही पुरवण्या जोडल्या. जुना मजकूर त्याने तसाच ठेवला. त्यापुढे मेलानी द सालिन्याक या, अगदी लहानपणी दृष्टी गेलेल्या आणि बावीसतेवीस वर्षांच्या वयात वारलेल्या मुलीविषयीच्या नोंदी लिहिल्या. अंधांना लज्जेची कल्पना नसते, असे त्याने १७४९ मध्ये सुचवले होते. मेलानीची अतिशय नाजूक लज्जाबुद्धी नोंदवून त्याने त्याच्याच विरुद्ध पुरावा पुढे ठेवला. ती संगीत जाणत होती, टाचणीने टोचलेली अक्षरे वाचत होती, भूमिती शिकत होती. एकदा त्याने तिला एका घनाची कल्पना करायला सांगितले: मध्यभागी एक बिंदू, आणि तिथून प्रत्येक कोपऱ्याकडे जाणाऱ्या सरळ रेषा. घनाचे काय होईल? सहा सारखे पिरॅमिड, तिने सांगितले. हे सगळे तुला कुठे दिसते, असे त्याने विचारले. माझ्या डोक्यात, तुम्हाला दिसते तसेच, असे उत्तर तिने दिले.